ए-३ ड्राफ्टिंग बोर्ड: खोक्यातनं काढल्यापासून पहिली शीट होईपर्यंत

डिप्लोमाच्या पहिल्या वर्षी मी खानापूरहून बेळगावला रोज बसनं यायचो. काखेत ७०० बाय ५०० मिमीचा लाकडी बोर्ड, पाठीवर दप्तर, आणि पिशवीतनं डोकं बाहेर काढलेला मिनी ड्राफ्टर (लाकडी बोर्डाला अडकवून रेघा ओढायचं साधन). कंडक्टर रोज एकच विचारायचा, "दरवाजा कुठं बसवायला निघालास?" दुसऱ्या वर्षी एका सीनियरकडनं जुना ए-३ पोर्टेबल बोर्ड मिळाला आणि तो दरवाजा सुटला. पण पुढच्या तिन्ही शीट सरांनी परत दिल्या. रेघा तिरक्या. मला वाटलं जुना माल, खराबच असणार. चौथ्या शीटला कळलं की बोर्डात काही बिघाड नव्हता. मी तो एकदाही तपासला नव्हता आणि पट्टी चुकीच्या जागी धरून ढकलत होतो.

मराठी माध्यमातनं एसएसएलसी (दहावी) करून डिप्लोमाला किंवा आयटीआयच्या ड्राफ्ट्समन ट्रेडला गेलेल्या पोरापोरींसाठी हे लिहितोय. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत पॅटर्न शॉपला (ओतकामाच्या साच्यांसाठी नमुने बनवतात तिथं) किंवा मशीन शॉपला नव्यानं लागलेल्यांनाही उपयोग होईल.

१. आधी विचारून घ्या: हा बोर्ड चालणार आहे का?

पोर्टेबल बोर्ड म्हणजे प्लास्टिकची कडक पाटी. ए-३ कागदापेक्षा (४२० बाय २९७ मिमी) चारी बाजूंनी थोडी मोठी. कडेनं खाचा असतात, त्या खाचेत एक पारदर्शक पट्टी वरखाली सरकते. पट्टीवर गुण्या किंवा फिरणारं ड्रॉइंग हेड बसतं. डाव्या कडेला कागद धरायची सोय असते. रोटरिंग, फेबर-कॅसल, स्टेडलर यांचे बोर्ड प्रसिद्ध आहेत. बिननावाचेही मिळतात.

घ्यायच्या आधी तुमच्या सरांना दोन गोष्टी विचारा. वर्गातल्या शीट कोणत्या मापाच्या? आणि परीक्षेला स्वतःचा बोर्ड चालतो का? शीट ए-२ (५९४ बाय ४२०) असेल तर हा बोर्ड घेऊन उपयोग नाही. सरळ लाकडी बोर्ड आणि मिनी ड्राफ्टर घ्या, खर्चही कितीतरी कमी. माझ्या वर्गातल्या एकानं हौसेनं नवा कोरा ए-३ बोर्ड आणला आणि पहिल्याच तासाला ए-२ शीट हातात पडली. वर्षभर त्या बोर्डावर ठेवून तो डबा खायचा.

"आता सगळं कॅडवर होतंय, हाताचं कशाला?" असंही कोणी म्हणेल. खरंय, इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षीसुद्धा ड्रॉइंगचा मोठा भाग संगणकावर गेलाय. मीही दिवसभर कॅडवरच असतो. पण मोडलेला पार्ट घेऊन गिऱ्हाईक दारात उभं राहतं तेव्हा जागेवर मापं घेऊन कागदावर उतरवणारा माणूस लागतोच. आणि ज्यानं हातानं तीन व्ह्यू (समोरनं, वरनं, बाजूनं) काढलेत त्याला कॅडमधली चूक लांबनं दिसते.

२. काय काय लागतं

- ए-३ बोर्ड, सरकपट्टीसह. ड्रॉइंग हेड असेल तर बरं, नसेल तर गुण्यांवर भागतं.
- दोन गुण्ये: ४५ अंशाचा एक, ३०-६० चा एक. शाळेच्या कंपासपेटीतले नकोत, ते फार लहान. कमीत कमी २० सेंमीचे घ्या.
- पेन्सिली: कच्च्या रेघांना २एच, पक्क्या रेघांना एच, अक्षरांना एचबी. क्लच पेन्सिल वापरत असाल तर ०.५ ची एक आणि ०.३ ची एक.
- चांगला कंपास, ज्याच्या स्क्रूनं माप जागेवर राहतं तो. ढिला कंपास हे निम्म्या चुकांचं मूळ.
- ३० सेंमीची स्टीलची पट्टी. जमलं तर ६० सेंमीचीही, ती का ते पुढं येईलच.
- मास्किंग टेप. सेलोटेप नको, काढताना कागदाचा पापुद्रा घेऊन येतो.
- मऊ खोडरबर, खोडायची पातळ पत्र्याची जाळी, जुन्या सुती लुगड्याचा किंवा धोतराचा तुकडा.
- जाड ए-३ ड्रॉइंग शीट. झेरॉक्सच्या कागदावर सराव करा, पण शीट त्याच्यावर देऊ नका.
- नवा बोर्ड घेतला तर बिल आणि आतलं माहितीपत्रक जपून ठेवा. सुटे क्लिप मागवताना मॉडेलचं नाव लागतं आणि ते बोर्डावर दरवेळी छापलेलं असतंच असं नाही.

३. दुकानातच करायच्या तीन गोष्टी

बोर्ड डोळ्याच्या पातळीला आडवा धरून कडेनं बघा. पाटीला बाक असेल तर लगेच दिसतो. बाकदार पाटी घेऊ नका, ती पुढं सरळ होत नाही.

मग पट्टी वरपासनं खालपर्यंत सरकवा. कुठंही अडकता कामा नये, आणि खडखडता पण कामा नये. तिच्या डाव्या टोकाला खटका असतो. एका बाजूनं दाबला की पट्टी अडकते, दुसऱ्या बाजूनं दाबला की सुटते. अडकवल्यावर उजवं टोक बोटानं हळूच हलवून बघा. थोडी लवचीकता चालेल, पण केसभरापेक्षा जास्त हलली तर आतला क्लिप झिजलाय.

तिसरं, हेड असेल तर ते फिरवा. बहुतेक हेडांत दर १५ अंशाला खटका बसतो. प्रत्येक खटक्याला "कट्ट" असा स्वच्छ आवाज यायला हवा. जुना बोर्ड घेताना तर हे बघाच, कारण आधीच्या मालकानं ९० आणि ४५ चे खटके वापरून वापरून गुळगुळीत केलेले असतात.

४. शीट लावणं

डाव्या कडेची कागद धरायची पट्टी उचला (कुठं चिमटा असतो, कुठं लोहचुंबक), कागद आत सारा, सोडा. मग सरकपट्टी कागदाच्या मध्यावर आणा आणि खटका लावा. आता सुती कापडानं कागद डावीकडनं उजवीकडं असा पुसत न्या, म्हणजे फुगा राहणार नाही. उजवीकडच्या दोन कोपऱ्यांना टेपचे तुकडे तिरके लावा.

इथं पहिला सापळा आहे. कागदाच्या कडेवर विश्वास ठेवू नका. दुकानात मोठ्या शीटमधनं कापून दिलेला ए-३ कागद काटकोनात असेलच असं नाही. नव्या कागदाला थोडं तिरकं लागलं तरी बिघडत नाही, कारण सगळ्या रेघा बोर्डाच्या पट्टीनं येणार. पण अर्धवट झालेली शीट दुसऱ्या दिवशी परत लावताना कागदाची कड बघून लावलीत की कालच्या आणि आजच्या रेघा एकमेकींशी भांडायला लागतात. परत लावताना कालची सर्वांत लांब आडवी रेघ शोधा, पट्टीची कड तिच्यावर टोकापासनं टोकापर्यंत जुळवा, आणि मगच टेप लावा. रोज बोर्ड घेऊन हिंडणाऱ्याला हे दहा वेळा करावं लागतं, म्हणून सवयच लावून घ्या.

५. काटकोनाची परीक्षा

जिथं मी तीन शीट घालवल्या तो भाग हा. म्हणून जरा सावकाश. (आमच्या वर्कशॉपचे इन्स्ट्रक्टर कानडीच बोलायचे, रेघेला "गेरे" म्हणायचे, आणि मला सुरुवातीला निम्मं कळायचं नाही. पण "सावकाश" हा शब्द दोन्हीकडं एकच. दिवसातनं वीस वेळा ऐकायचो.)

पहिली परीक्षा गुण्याची. पट्टी अडकवा, तिच्यावर गुण्या उभा ठेवा, एक उभी रेघ ओढा. आता गुण्या उलटा पलटा, म्हणजे डावी बाजू उजवीकडं करा, आणि त्याच खालच्या बिंदूतनं पुन्हा उभी रेघ ओढा. दोन्ही रेघा एकावर एक आल्या तर गुण्या खरा. वर जाताना फाकल्या तर जेवढं अंतर दिसतंय त्याच्या निम्मी चूक गुण्याची.

दुसरी परीक्षा सरकपट्टीची. कागदाच्या वरच्या भागात एक आडवी रेघ, मग पट्टी खाली आणून तळाशी दुसरी. दोन्हींमधलं अंतर डाव्या टोकाला मोजा, उजव्या टोकाला मोजा. सारखं यायला हवं. अर्धा मिमीपर्यंत फरक असेल तर बहुधा तुमच्या हाताचा दोष. जास्त असेल तर खाचेत कचरा आहे किंवा क्लिप नीट बसलेला नाही.

तिसरी परीक्षा दोन्हींची मिळून, ती गवंडी घराचा पाया आखताना करतात तीच: तीन-चार-पाच. एका कोपऱ्यातनं आडवं २०० मिमी, उभं १५० मिमी. दोन्ही टोकांमधला कर्ण बरोबर २५० यायला हवा. स्टीलच्या पट्टीनं मोजा. २५१ आला तर कोन जवळजवळ अर्ध्या अंशानं उघडलाय. अर्धा अंश ऐकायला काहीच वाटत नाही, पण २०० मिमीच्या रेघेवर तो दीड मिमीपेक्षा जास्त सरकवतो आणि सरांच्या डोळ्याला तो लांबनं दिसतो.

एवढं मी आता दर सोमवारी करतो, आणि बसनं बोर्ड नेला असेल तर पोचल्या पोचल्या. पाच मिनिटांचं काम.

ही सवय मला वर्गात लागली नाही. डिप्लोमा झाल्यावर एका छोट्या पॅटर्न शॉपला लागलो तेव्हाची गोष्ट. पॅटर्नचा लेआउट पूर्ण मापात, १:१ काढतात आणि मिस्त्री त्याच्यावरनंच मापं उचलतो. बीड (कास्ट आयर्न) थंड होताना आकसतं, म्हणून मापं सुमारे १ टक्का वाढवून घ्यावी लागतात. ३०० मिमी हवं असेल तर पॅटर्न ३०३ चा. त्यासाठी वेगळी वाढीव पट्टी असते. मी ती पट्टी नीट वापरली, मापं बरोबर घेतली, आणि एका झाकणाचा लेआउट अभिमानानं टेबलावर ठेवला. तिथले वयस्कर मिस्त्री, आम्ही सगळे त्यांना मामा म्हणायचो, त्यांनी एकही माप बघितलं नाही. चौकोनाचा एक कर्ण मोजला, दुसरा मोजला, आणि म्हणाले, "पोरा, हे झाकण हाय का पतंग?" दोन कर्णांत तीन मिमीचा फरक होता. खाचेत फाउंड्रीची (ओतकामाच्या कारखान्याची) काळी वाळू गेली होती. बोटाला लागत नव्हती, पण पट्टीला लागत होती.

६. रेघ ओढायची कशी

या बोर्डाची सरकपट्टी फक्त एका टोकाला, डाव्या खाचेत धरलेली असते. उजवं टोक मोकळं. टी-स्क्वेअरसारखंच (लाकडी बोर्डावरची टी आकाराची पट्टी). म्हणून पट्टी नेहमी डाव्या टोकाला धरूनच सरकवा. उजव्या हातानं उजवं टोक ढकललंत की पट्टी किंचित वळते आणि रेघ तिरकी. त्या तिन्ही शीटला मी हेच करत होतो, कारण पेन्सिल उजव्या हातात आणि पट्टी ढकलायलाही तोच हात सोयीचा. डावखुऱ्यांनी पट्टी काढून उजवीकडच्या खाचेत लावावी. बहुतेक बोर्डांत ती सोय असते.

क्रम असा: डाव्या हातानं पट्टी जागेवर, खटका लावला, डावा पंजा पट्टीच्या मध्यावर हलका टेकवला, मग पेन्सिल. आडवी रेघ डावीकडनं उजवीकडं. उभी रेघ गुण्याच्या डाव्या कडेनं, खालनं वर. पेन्सिल ओढायच्या दिशेला थोडी कललेली, पण पट्टीकडं किंवा पट्टीपासनं लांब कललेली नको.

क्लच पेन्सिल वापरणाऱ्यांसाठी एक बारकावा. शिसं पट्टीच्या कडेला टेकत नाही, त्याच्या भोवतीची धातूची नळी टेकते. म्हणजे रेघ कडेपासनं नळीच्या निम्म्या जाडीइतकी लांब पडते. प्रत्येक रेघेला तेवढीच लांब पडली तर काही बिघडत नाही. पण एकदा पेन्सिल उभी आणि एकदा तिरकी धरलीत की ते अंतर बदलतं. म्हणून बिंदूवर आधी पेन्सिलीचं टोक ठेवा आणि पट्टी त्या टोकाला आणून भिडवा. पट्टी बिंदूवर ठेवून मग पेन्सिल आणू नका.

कच्च्या रेघा अशा हलक्या की हातभर अंतरावरनं जेमतेम दिसाव्यात. पक्क्या रेघा शेवटी, एकदम. जाड रेघ बारीक रेघेच्या दुप्पट, म्हणजे ०.५ ला ०.२५ अशी जोडी. पेन्सिलीनं तंतोतंत ०.२५ कोणी मोजत बसत नाही, पण फरक डोळ्याला दिसलाच पाहिजे.

७. चौकट आणि टायटल ब्लॉक

यात फार अवघड काही नाही. डावीकडं फाइलला लावायला २० मिमी सोडा, बाकी तिन्ही बाजूंना १०. आतली चौकट ३९० बाय २७७ ची होते. तिचे दोन्ही कर्ण सुमारे ४७८ मिमी यायला हवेत. ६० सेंमीची पट्टी यासाठीच. टायटल ब्लॉक उजवीकडं खाली, लांबी १७० मिमीच्या आत. त्यात नाव, रोल नंबर, स्केल, तारीख, आणि प्रोजेक्शनचं चिन्ह (शीट फर्स्ट अँगलची की थर्ड अँगलची ते सांगणारं, पुढच्या भागात येईल). चिन्ह विसरू नका, त्याचे मार्क फुकट जातात. अक्षरं ३.५ मिमी उंच, शीर्षकाला ५ किंवा ७. अक्षरांच्या वर-खाली दोन हलक्या रेघा ओढल्याशिवाय लिहू नका, कितीही चांगलं अक्षर असो.

८. पहिला जॉब: एल आकाराचा ब्रॅकेट

शब्दांची थोडी तयारी करून घेऊ. आपल्याकडं घराच्या नकाशालाच "प्लॅन" म्हणतात. इथं प्लॅन किंवा टॉप व्ह्यू म्हणजे वस्तू वरनं बघितल्यावर दिसते ती. एलिव्हेशन किंवा फ्रंट व्ह्यू समोरनं. साइड व्ह्यू बाजूनं. भारतात शिकवतात ते फर्स्ट अँगल: प्लॅन एलिव्हेशनच्या खाली, आणि डावीकडनं दिसणारा व्ह्यू एलिव्हेशनच्या उजवीकडं. उलटं वाटतं, पण पाठ करू नका. वस्तू भिंतीसमोर धरली आणि डावीकडनं टॉर्च मारला, तर सावली उजवीकडच्या भिंतीवर पडते. तेवढं डोक्यात ठेवा.

जॉब असा: ब्रॅकेट ८० मिमी लांब, ५० रुंद, ६० उंच. तळ १५ जाड, डाव्या टोकाला उभी भिंत, तीही १५ जाड. तळात २० व्यासाचं आरपार भोक, डाव्या टोकापासनं ५० वर, रुंदीच्या मध्यावर. स्केल १:१.

जागेचा हिशोब आधी. आडवं: एलिव्हेशन ८०, मध्ये ४० मोकळं, साइड व्ह्यू ५०. एकूण १७०. चौकट ३९० ची, म्हणजे २२० उरले, दोन्हीकडं ११० सोडा. उभं: ६० अधिक ४० अधिक ५०, म्हणजे १५०. २७७ मधनं १२७ उरले, वर-खाली साधारण ६३. प्लॅन डावीकडनं ११० ते १९० मध्ये बसतो आणि टायटल ब्लॉक २२० च्या पुढं सुरू होतो, म्हणजे टक्कर नाही. हा हिशोब शीटच्या मागं पेन्सिलीनं करा. न करता सुरू केलेली शीट बहुतेक वेळा टायटल ब्लॉकवर येऊन आदळते.

आता बोर्डाची मजा. आधी सगळ्या आडव्या रेघा एका दमात: एलिव्हेशनचा तळ, १५ ची रेघ, ६० ची रेघ, आणि त्या तशाच पुढं साइड व्ह्यूपर्यंत. पट्टी सरकवा, खटका, रेघ. पट्टी सरकवा, खटका, रेघ. एलिव्हेशन आणि साइड व्ह्यूच्या उंच्या वेगळ्या मोजाव्याच लागत नाहीत. मग गुण्यानं किंवा हेडनं सगळ्या उभ्या रेघा, एलिव्हेशनवरनं खाली प्लॅनपर्यंत. मोजमापं मात्र दरवेळी एकाच कडेपासनं घ्या. ०, १५, ५०, ८०. आधी १५, मग तिथनं ३५, मग तिथनं ३० असं केलंत तर प्रत्येक पायरीची थोडी थोडी चूक शेवटी एकत्र येते.

रुंदी प्लॅनवरनं साइड व्ह्यूवर न्यायला ४५ अंशाची रेघ. प्लॅनची वरची कड उजवीकडं वाढवा, साइड व्ह्यूची डावी कड खाली वाढवा. जिथं मिळतील त्या बिंदूतनं हेड ४५ च्या खटक्यावर ठेवून उजवीकडं खाली जाणारी रेघ. आता प्लॅनची प्रत्येक आडवी रेघ या तिरक्या रेघेला नेऊन टेकवली आणि तिथनं सरळ वर चढवली की साइड व्ह्यू आपोआप उभा राहतो. भोकाची रुंदीसुद्धा.

नवीन माणूस इथं हमखास एक चुकतो. साइड व्ह्यू डावीकडनं बघितलेला आहे आणि डावीकडं तर ६० उंचीची भिंत आहे. मग तळाची १५ ची रेघ दिसेल का? नाही. भिंतीच्या मागं झाकली जाते. म्हणून ५० बाय ६० च्या आयतात १५ उंचीवर तुटक रेघ, सलग नाही. भोकही तिथं तुटकच. प्लॅनमध्ये मात्र डाव्या कडेपासनं १५ वर सलग रेघ, कारण वरनं बघितलं की भिंतीची कड दिसतेच. भोकाचा मध्य दाखवणारी लांब-आखूड रेघ तिन्ही व्ह्यूंत विसरू नका.

वर्तुळ आधी पक्कं करा, सरळ रेघा नंतर. सरळ रेघेला वर्तुळापर्यंत आणून थांबवता येतं. उलटं करायला गेलात तर कंपास चुकतो.

आणि एक: कामाला लागल्यावर फाउंड्रीत बाहेरच्या देशाचं ड्रॉइंग हातात आलं तर ते थर्ड अँगलचं असू शकतं, त्यात प्लॅन वर असतो. आधी चिन्ह बघा, मग ड्रॉइंग.

९. काळे डाग

मराठी शाळेत "स्वच्छ व सुंदर" साठी दोन मार्क असायचे, ते इथं उघडपणे देत नाहीत पण कापतात जरूर. शिशाची भुकटी पट्टीच्या खालच्या बाजूला चिकटते आणि पट्टी फिरेल तिथं पसरते. दर अर्ध्या तासानं पट्टीची खालची बाजू कोरड्या सुती कापडानं पुसा. पट्टी खाली घासत नेण्याऐवजी जरा उचलून न्या. खोडल्यावर चुरा फुंकरीनं उडवू नका, थुंकीचा थेंब पडतो. कापडानं झाडा.

बोर्ड धुवायचा तर कोमट पाणी आणि थोडा साबण. थिनर किंवा पेट्रोल लावू नका, पाटी पांढुरकी पडते आणि छापलेले आकडे जातात. खाचा जुन्या दात घासायच्या ब्रशनं. बोर्डावर ठेवून ब्लेडनं कागद कापलात तर तो चरा कायमचा, आणि पुढच्या प्रत्येक शीटला पेन्सिल तिथं उडी मारते.

१०. पाऊस आणि बस

आपल्याकडं, त्यातही खानापूरच्या बाजूला, जून ते सप्टेंबर पाऊस थांबतच नाही. कागद हवेतला ओलावा पितो आणि फुगतो. सकाळी घरी ताणून लावलेली शीट दुपारी वर्गात लाटांसारखी दिसते. उपाय: शीट बोर्डाला लावून नेऊ नका. नळीत गुंडाळून, नळीचं तोंड प्लास्टिकनं बांधून न्या. वर्गात पोचल्यावर शीट उघडून दहा-पंधरा मिनिटं तशीच पडू द्या, तिथल्या हवेची सवय होऊ दे, मग लावा. पूर्ण झालेली शीट रात्री चुलीजवळ सुकवायला टाकू नका. माझ्या आईनं चांगल्या मनानं टाकली होती. सकाळी तिला भाकरीसारखा पापुद्रा सुटला होता.

बोर्डाला पिशवी हवी. मिळत नसेल तर शिंप्याकडनं जाड कापडाची शिवून घ्या, आतनं जुनी चादर. त्यात बोर्ड ठेवताना या क्रमानं:

- हेड काढून वेगळ्या डब्यात. पट्टीवर ठेवलंत तर बसच्या गचक्यांनी तिला चरे पडतात.
- पट्टी पाटीच्या मध्यावर आणून खटका लावलेला. अगदी वर किंवा अगदी खाली ठेवलीत तर धक्क्यानं क्लिप तुटतो. माझा असाच तुटला.
- बोर्डाची पट्टी असलेली बाजू आतल्या बाजूला, तुमच्या पाठीकडं.
- वर एक मोठी प्लास्टिकची पिशवी. छत्री तुमच्यासाठी, पिशवी बोर्डासाठी.

बसमध्ये बोर्ड वरच्या रॅकवर आडवा ठेवू नका, त्याच्यावर कोणीतरी तांदळाचं पोतं ठेवणारच. सीट आणि खिडकीच्या मध्ये उभा सरकवा. वडापनं जात असाल तर मांडीवर. मे महिन्यात बंद गाडीत किंवा उन्हातल्या खिडकीपाशी ठेवून जाऊ नका, पाटी तापून बाक धरते.

उद्यमबागेत किंवा कुठल्याही फाउंड्रीत बोर्ड नेला तर झाकलेलाच ठेवा आणि घरी आल्यावर ब्रशनं खाचा झाडा. ती काळी वाळू दिसत नाही.

क्लिप तुटला तर फेविक्विकनं चिकटवायच्या भानगडीत पडू नका. पट्टी चिकटून बसते, मग खाचही जाते. मॉडेलचं नाव घेऊन स्टेशनरीच्या मोठ्या दुकानात सांगून ठेवा. सुटा भाग यायला वेळ लागतो, तोवर पट्टीच्या जागी लांब स्टीलची पट्टी आणि दोन गुण्ये वापरून काम निभतं. बोर्डाच्या मागच्या बाजूला, पट्टीच्या आत आणि हेडच्या डब्यावर आपलं नाव कायमच्या शाईनं लिहून ठेवा. वर्गात दहा जणांचे बोर्ड सारखेच दिसतात, आणि ज्याचा खटका चांगला बसतो तोच बोर्ड नेमका बदलला जातो.